तिसऱ्या हाळीला ओ

माझा आवाज मोठा आहे. लोक सांगतात म्हणून नव्हे, मलाही तो ऐकू येतो. मी फोनवर बोलायला लागले की आमचे हे म्हणतात, "फोन कशाला लावलाईस? खिडकी उघड, पोचतंय." कळंब्याला आम्ही राहतो त्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक जैन काकू आहेत. आज भाजी काय करू, असं मी आमच्या ह्यांना विचारते आणि उत्तर बऱ्याचदा वरून येतं.

यात माझा काही दोष नाही. माझं माहेर शाहूवाडीच्या डोंगरात. एका उतारावर आमची वस्ती, मधे भाताची खाचरं आणि ओढा, समोरच्या उतारावर दुसरी वस्ती. निरोप द्यायला ओढा उतरून पलीकडे चढायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. म्हणून हाळी द्यायची. हाळी म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे. ती पोटातून उचलावी लागते, शेवटचा स्वर लांबवावा लागतो, आणि मग समोरचा डोंगर ती परत पाठवेपर्यंत गप्प उभं राहावं लागतं. आणि ती तीनदा द्यायची. तिन्हीसांजेला पहिल्या हाळीला आमच्याकडे कुणी ओ देत नसे, दुसरीलाही नाही. एकदा हाक मारून गप्प बसतं ते भूत. माणूस असला तर तिसऱ्यांदा बोलावतोच, असं सगळे मानत. तिसरी हाळी गेली की मग समोरच्या झाडीतून सावकाश यायची ती ओ.

आता दोन्ही उतारांवर मोबाइल आहेत आणि समोरची बरीचशी घरं कुलूप लावून बसली आहेत. मी लग्न होऊन कोल्हापुरात आले, आणि तेव्हापासून "हळू बोल" हे दोन शब्द मी जितके ऐकले तितकं स्वतःचं नावही ऐकलं नसेल.

तर अशा बाईच्या हातात कॉम्प्युटर आला. लेक नोकरीला बंगळूरला गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर घरी पडून होता. एकदा ती सुट्टीला आलेली असताना मी चहा द्यायला तिच्या खोलीत गेले तर पडद्यावर बाजार भरलेला! मातीचा रस्ता, कौलारू दुकानं, कासाराच्या ओट्यावर बसलेल्या बायका, पाठीवर गोण्या घेतलेले बैल. मला वाटलं सिनेमा आहे. तेवढ्यात त्यातला एक माणूस वळून लेकीला म्हणाला, "राम राम, बरेच दिवसांनी?" आणि लेकीनं त्याला उत्तर दिलं!

"खेळ हाय व्हय हा?" मी विचारलं.

"खेळ न्हवं आई. ह्यात जिंकायचं-हरायचं काय न्हाय. लोकांनी मिळून अडीचशे वर्षांपूर्वीची पेठ बांधलीया. आपण त्यातलं एक माणूस व्हायचं आणि तिथं ऱ्हायचं, बास."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मला पन्नाशीत पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं की घरबसल्या दुसऱ्या काळात जाता येतं, आणि तेही तिकीट न काढता! मी तिला खुर्चीवरून उठवलंच.

पहिले काही दिवस मी नुसती हिंडले. पडद्यावरच्या माझ्या बाईला मी बाहुली म्हणायचे. बाहुलीला नऊवारी नेसवलेली होती, पण कासोटा असा घातला होता की खऱ्या बाईला चार पावलं चालता आलं नसतं. मी ते बोलून दाखवलं, आणि पेठ बांधणाऱ्यांतल्या एका पोरीनं दोन दिवसांत तो नीट करून दिला. मी हरखून गेले. म्हणजे माझ्या बोलण्यानं अडीचशे वर्षांपूर्वीच्या पेठेतल्या सगळ्या बायकांचे कासोटे सुधारले की! मला कानांवर लावायचा हेडफोन मिळाला होता आणि तोंडापुढे माइक. त्या आभासी जगात आवाजही खऱ्यासारखाच चालतो. जवळ उभं राहिलं की मोठा, लांब गेलं की बारीक. वास तेवढा येत नाही. गुळाच्या दुकानापुढे उभी राहून मी एकदा खरंच नाक पुढे केलं होतं, तेव्हा ह्यांनी दारातून बघितलं आणि आठवडाभर मला छळलं.

"आज जेवाण ह्या शतकात हाय का त्या?" हे त्यांचं रोजचं झालं.

पेठेचे नियम कडक होते. आत कुणी कुणाचं खरं नाव-गाव विचारायचं नाही. जात तर कुणीच कुणाची विचारायची नाही, हा पहिला नियम. आणि आजच्या काळातला शब्द तोंडातून गेला की एक ताकीद. दुसऱ्यांदा गेला की पेठेबाहेर, कायमचं. नवा आलेला माणूस उपरा. त्यानं वर्षभर नीट वागून दाखवलं तर जत्रेच्या दिवशी पेठेचे प्रमुख त्याला वतन देणार. वतन म्हणजे तुमचं घर, तुमचं काम, तुमची जागा. ती मग कुणी काढून घेत नाही. प्रमुखांना सगळे शेटे म्हणत. आवाजावरून पोक्त गृहस्थ, बोलणं जुन्या कागदांतून उतरवल्यासारखं, आणि कान भलते तिखट.

मला वतन हवं होतं. इतकं हवं होतं की देवापुढे हात जोडताना मधेच ते आठवायचं. माहेरचं घर भावाचं, कळंब्याचा फ्लॅट ह्यांच्या नावावर, त्यात वाईट काही नाही; पण मोठ्यानं बोललं तरी चालेल अशी स्वतःची जागा मला कधी मिळालीच नव्हती. आणि पहिल्याच महिन्यात मी ती घालवायला निघाले.

झालं असं की शेटे आणि त्यांच्या हाताखाली कारभार बघणारे दोन महाजन माझ्या बाहुलीच्या ओसरीवर आले. नव्या लोकांची पाहणी असते तशी. पाहुणे दारात आल्यावर कोल्हापूरच्या बाईचं तोंड आपोआप चालतं. मी म्हटलं, "या की पावणं, बसा. चहा टाकते."

शेटे ओसरीवर टेकता टेकता उठले.

"काय टाकता म्हणालात, बाई?" शेट्यांनी विचारलं.

अडीचशे वर्षांपूर्वी कुठला चहा! गूळ-पाणी द्यायचं असतं. मी घाईघाईनं म्हटलं, "चहा म्हंजे... काढा वं! आमच्याकडं काढ्याला म्हणतात." "त्यात काय घालता?" "साखर," मी म्हटलं, आणि पुढचं "दूध" जिभेवरच गिळलं. महाजन हसत होते. मला ताकीद मिळाली. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी चिडले की घरात खरा चहासुद्धा केला नाही, आणि ह्यांचे हाल झाले.

पुढची तक्रार आवाजाची. मी वाण्याकडे मीठ मागितलं की नदीवरच्या बायकांना ऐकू जायचं. लोक कानांवरचे हेडफोन काढून ठेवायला लागले. एक दिवस शेट्यांनी मला चावडीवर बोलावलं. मला वाटलं, संपलं. त्यांनी विचारलं, "बाई, आपण दवंडी द्याल काय?"

मी खुर्चीतच उडाले! खऱ्या काळात हे काम ठराविक लोकांच्याच गळ्यात मारलं जायचं, मान नसायचा आणि नको म्हणायची सोय नसायची, हे मला ठाऊक होतं. बाईला तर कुणी विचारलंही नसतं. पण आमच्या पेठेत ते मागून घ्यायचं काम होतं. जन्मभर ज्या आवाजाला दामटून बसवलं त्याला कुणीतरी उठ म्हणत होतं. मी इतक्या मोठ्यानं "देते की!" म्हटलं की शेट्यांचा आवाज काही वेळ आलाच नाही.

दवंडीच्या आधी हलगी वाजायला हवी. हेडफोन काढून कॉम्प्युटरातली हलगी वाजवून बघितली तर बिस्किटाचा डबा बडवल्यासारखी. हे दारात उभे होते. तरुणपणी तालमीच्या पोरांत ह्यांनी हलगी वाजवली होती, आणि त्यातलं काही बिघडलेलं त्यांना सहन होत नाही. "ही हलगी न्हवं," ते म्हणाले, संध्याकाळी तालमीतून खरी हलगी मागून घेऊन आले आणि माझ्या माइकपुढे मांडी घालून बसले. हेडफोन एकच, तो माझ्या कानावर. त्यांना पेठेतलं काही ऐकू यायचं नाही. मी हात वर केला की वाजवायचं, खाली केला की थांबायचं. शतकावरून बोलणं त्या दिवसापासून बंद झालं.

सराव जोरात सुरू झाला. पहिलीच दवंडी होती ती तळ्याची. ह्यांनी हलगी कडाडून वाजवली आणि मी सुरू केलं, "ऐका हो ऐकाऽऽ! उद्या दिवसभर तळ्याचं पाणी बंद ऱ्हाईल होऽऽ! ज्यानं त्यानं आजच घागरी भरून ठेवाव्यात होऽऽ!" खिडकी उघडी आहे हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. आमच्याकडे कळंबा तलाव हाकेच्या अंतरावर; तळ्याचं पाणी बंद म्हटल्यावर कोण थांबतंय? सगळ्या इमारतीनं बादल्या, पिंप, पातेली, होती नव्हती ती भांडी भरली. गच्चीवरची टाकी रिकामी झाली आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच कुणाच्या नळाला पाणी नव्हतं. सोसायटीचे अध्यक्ष तावातावानं खाली आले. वरच्या काकू मात्र जिन्यातूनच म्हणाल्या, "घागरी म्हणालीस तवाच मला शंका आलती. पण म्हटलं, बाई एवढी जीव तोडून सांगतीया, भरून ठेवावं."

पेठेत माझी दवंडी गाजली. जत्रेची, करांची, हरवलेल्या म्हशीची, सगळी दवंडी माझी. ताकिदीही मीच पुकारायचे. घोंगड्या विकणारा एक उपरा नव्यानं आला होता, फार बोलायचा नाही. त्याच्या तोंडून कुणाला तरी "हॅलो" गेलं आणि "घोंगडीवाल्यास ताकीद होऽऽ" असं मलाच पेठभर ओरडावं लागलं. तो नदीकाठी मान खाली घालून उभा होता.

शेट्यांची माझ्याबद्दल एकच कुरकुर होती. मी दवंडी तीनदा द्यायचे आणि दर वेळी मधे थांबायचे. "लोकांना वाटतं कनेक्शनच तुटलं," ते पेठेबाहेर, मोबाइलवर साध्या भाषेत लिहायचे. "एकदाच द्या." मी त्यांना कळवलं की हे माझ्या हातात नाही, तोंड तसंच वळलेलं आहे. पेठेतले लोक उत्साही. मी पहिल्यांदा पुकारलं रे पुकारलं की चहूकडून ओ, ओ, ओ! मला आनंद व्हायचा. पण कुठेतरी वाटायचं, अरे, थांबा की जरा. माणूस आहे की भूत, एवढं तरी बघा.

वर्ष भरलं आणि जत्रेचा रविवार आला. दुपारची जेवणं लवकर आटोपून आम्ही दोघं बसलो, मी नवी साडी नेसून, जणू कुणाला दिसणार होती. पेठ काय सजली होती म्हणून सांगू! पताका, पालखीची वाट शेणानं सारवलेली, हलवायाकडे शेव-चिवड्याच्या परड्या, आणि गर्दी इतकी की कॉम्प्युटर तापून भात शिजल्यासारखा घुमायला लागला. चावडीपुढे शेटे पानसुपारीचं तबक घेऊन उभे. आज माझी दवंडी झाली की वतनाचा निकाल. एक शब्द चुकला तर ताकिदीवर ताकीद आणि बाहेर.

मी हात वर केला. हलगी कडाडली. "ऐका हो ऐकाऽऽ! जत्रा भरली होऽऽ!" ढीगभर ओ आल्या. मी थांबले. दुसऱ्यांदा पुकारलं. पुन्हा ओ, जरा कमी. थांबले. तिसऱ्यांदा पोटातून उचलली, शेवट लांबवला आणि सोडली. लोक आता कंटाळून आपापल्या गप्पांत लागले होते. आणि त्यानंतर, सगळं निवल्यावर, नदीकडून आली.

"ओऽऽऽ."

सावकाश. लांबवलेली. शेवटाला खाली उतरणारी.

असली ओ मी माहेर सुटल्यापासून ऐकली नव्हती. ती शिकवून येत नाही. तिसऱ्या हाळीपर्यंत तोंड मिटून उभा राहणारा माणूस त्याच डोंगरातला असणार! गर्दीतून वाट काढत घोंगडीवाला पुढे आला.

"आक्का," तो म्हणाला, "वड्याच्या अल्याडची का पल्याडची?"

"अल्याडची," मी म्हटलं. माझा आवाज, आयुष्यात पहिल्यांदा असेल, बारीक निघाला. "पावणं, तुमी?"

"पल्याडचा."

शाहूवाडीत ओढे काय थोडे आहेत? तो कुठल्या ओढ्याच्या पलीकडचा, ते मला आजही ठाऊक नाही. गाव विचारायची बंदी होती आणि माझ्या तोंडाशी शंभर प्रश्न आले होते. तेवढ्यात त्याच्या तोंडून सुटलंच.

"आक्का, मुक्कामाची गाडी अजून येती का गं?"

मुक्कामाची गाडी म्हणजे आमच्याकडची संध्याकाळची एस. टी. रात्री देवळापुढे थांबणारी आणि सकाळी परत निघणारी. सगळ्या डोंगराचं घड्याळ होतं ते.

"कसली गाडी म्हणालात, घोंगडीवाले?" शेट्यांचा आवाज आला.

त्याला एक ताकीद होतीच. आता खरं बोलला असता तर तो बाहेर, आणि त्याची हद्दपारी पुकारायची कुणी? मीच. मधे पडून माझी जीभ घसरली तर मीही त्याच्याबरोबर बाहेर. तबक समोर होतं. पण मी थांबलेच नाही.

"बैलगाडी वं, शेटे! दुसरी कसली असती? येती की, पावणं. रोज येती. देवळाम्होरं मुक्काम करती, आणि पाटंचं बैलांस्नी पाणी पाजून सुटती."

घोंगडीवाल्याला ते कळलं. "आणि घंटी?" त्यानं विचारलं. "घंटी वाजल्याबगर सुटत न्हवती ती."

"गळ्यात हाईत की बैलांच्या. वाजत्यात."

"वाजत्यात," तो म्हणाला.

शेटे खाकरले. "बाई, त्या गाडीला बैल तरी किती?"

"चढ लई हाय, शेटे. कुणी मोजलं न्हाईत."

हसण्याचा आवाज आधी कुणाचा आला ते कळलं नाही, बहुतेक शेट्यांचाच. मग ते त्यांच्या कागदी भाषेत म्हणाले, दवंडीचे वतन बाईंस देण्यात आले आहे, बाई तीनदा पुकारतात तर पेठेने तीनदा ऐकावे. मी हेडफोनसकट उभी राहिले, वायर ओढली गेली आणि ह्यांच्या डोक्यावर माइक पडला. "मिळालं का?" हे डोकं चोळत ओरडले. "मिळालंऽऽ!" मी ओरडले. वरून काकूंचा आवाज आला, "मिळालं व्हय गं? बरं झालं!"

पडद्यावर जत्रेचा दिवस मावळला. खऱ्या खिडकीत अजून कडक ऊन होतं. जत्रा उठल्याची दवंडी मी दिली आणि एकेक जण जागच्या जागी दिसेनासा झाला. तिथं असंच घरी जातात. शेवटी नदीकाठी घोंगडीवाला तेवढा उरला.

"आक्का, एक मागू?" तो म्हणाला. "लई लांब ऱ्हातो मी. आई फोन करायची, पर फोन कानाशी म्हणून हळू बोलायची. लांबच्याला मोठ्यानं बोलावं, हे ती फोनवर इसरायची. आता तर ती... घरला बोलवायची हाळी देशील का एकडाव?"

मला त्याचं नाव माहीत नव्हतं. मी ह्यांना हातानं थांबायला सांगितलं, हलगी नको म्हणून. आणि डोळे मिटून आमच्या उतारावर जाऊन उभी राहिले.

"आरं लेकराऽऽ, दिस बुडालाऽऽ, घरला येऽऽ!"

तो तिथंच होता, पण त्यानं ओ दिली नाही. देणारच नव्हता. मी डोंगर परत बोलेपर्यंत थांबले आणि दुसऱ्यांदा हाळी दिली. तरी नाही. तिसरी हाळी मी पोटातून उचलली आणि शेवटपर्यंत नेली.

"ओऽऽऽ," तो म्हणाला. "आलो, आलोऽऽ."

मी डोळे उघडले तेव्हा नदीकाठ रिकामा होता.

ह्यांनी हलगी मांडीवरून खाली ठेवली. त्यांना फक्त माझंच बोलणं ऐकू आलं होतं. "कुणाला बोलवत हुतीस एवढी?"

"समोरच्या उतारावरच्याला."

ते माझ्याकडे बघत राहिले. हळू बोल म्हणाले नाहीत.

"मग आला का?"

"आला की," मी म्हटलं.